पैसे कापल्याचा मेसेज आला, मशीन म्हणतं झालंच नाही : कार्डाचा व्यवहार नेमका कुठे अडतो?

पडवी

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात वेळणेश्वरच्या बाजूला आमचा घरगुती होमस्टे आहे. पाहुणे पुण्या-मुंबईचे, काही कोल्हापूर-सांगलीचे. बहुतेक जण यूपीआय करतात, पण बिल मोठं झालं की कार्ड पुढे येतं, म्हणून बँकेकडून सिमवर चालणारं स्वाइप मशीन घेतलेलं आहे.

मागच्या जोडून आलेल्या सुट्टीत एका कुटुंबाचं बिल ८,४०० रुपये झालं. डेबिट कार्ड मशीनमध्ये घातलं, त्यांनी पिन टाकला, मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी प्रतिसाद नाही म्हणून थांबलं. स्लिप आली नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला : खात्यातून ८,४०० वजा. ते म्हणाले, "आमचे गेले." मी म्हटलं, "माझ्याकडे आले नाहीत." माणसं चांगली होती, दोन्ही वेळा एका पंगतीत जेवलेलो आम्ही, पण अशा वेळी दोन्हीकडे मनात शंका येतेच. शेवटी त्यांनी यूपीआयने पुन्हा पैसे दिले आणि नाराज होऊनच गाडीत बसले. आधीचे पैसे नंतर त्यांच्या खात्यात परत आले, तसा त्यांचा फोनही आला.

बँकेच्या मदत क्रमांकावर "पाच ते सात दिवस थांबा" एवढंच उत्तर. मला हे समजून घ्यायचं आहे. पिन टाकल्यापासून स्लिप येईपर्यंत आत काय घडतं? बँक गेले म्हणते, मशीन नाही म्हणतं, मग खरं कोणाचं? गणपतीत पुन्हा गर्दी होणार, तेव्हा पाहुण्याला मी काय सांगू? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

कातळसडा

+१. राजापूरला माझं मेडिकल आहे. आमच्याकडे याच्या उलट होतं. गिऱ्हाईक सांगतं खात्यात भरपूर पैसे आहेत आणि मशीन 'डिक्लाइन' म्हणतं. मागे रांग असते, त्या माणसाचा चेहरा उतरतो. काय सांगावं ते कळत नाही. वाचतोय.

स्विचरूम

मी एका बँकेच्या कार्ड विभागात, कार्डाच्या व्यवहारांचे निरोप ज्या यंत्रणेतून ये-जा करतात त्या स्विचवर नोकरी केली. निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळ गावी असतो. थोडं लांबेल, पण पडवी यांनी सविस्तर मागितलंय म्हणून लिहितो.

उत्तर आधी देतो. बँकही खरं बोलत होती आणि मशीनही. बँकेने होकार दिला होता. तो होकार परतीच्या वाटेत हरवला.

तुमच्या मशीनमागे एक बँक असते, ज्यांनी मशीन दिलं ती. तिला आम्ही अक्वायरर म्हणायचो. पाहुण्याच्या कार्डामागे दुसरी बँक, ती इश्युअर. देशातल्या प्रत्येक बँकेने दुसऱ्या प्रत्येक बँकेशी स्वतंत्र जोडणी करायची तर ते निभणार नाही, म्हणून दोघींच्या मधे नेटवर्क असतं : रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड. रुपे हे आपल्या एनपीसीआयचं (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया), २०१२ साली सुरू झालेलं.

कार्ड घातलं की मशीन आधी चिपशी बोलतं. चिपमध्ये एक गुप्त किल्ली असते, ती कधीच बाहेर येत नाही. रक्कम, तारीख, मशीनने ऐनवेळी दिलेला एक आकडा आणि चिपमधला व्यवहारांचा चालू क्रमांक हे सगळं घेऊन चिप त्या किल्लीने एक सांकेतिक आकडा तयार करते. तो त्या एका व्यवहारापुरताच. कोणी तो मधेच टिपून पुन्हा वापरला तर बँकेला लगेच कळतं. जुन्या काळ्या पट्टीत ही सोय नव्हती, पट्टीवरची माहिती कायम तीच असायची, म्हणून तिची नक्कल करणं सोपं होतं.

मग मशीन निरोप बांधतं. कार्डाचा क्रमांक, रक्कम, मशीनचा आणि दुकानाचा क्रमांक, कुलूपबंद केलेला पिन, चिपचा तो आकडा. या निरोपांची मांडणी जगभर साधारण एकाच प्रमाणानुसार असते, आयएसओ ८५८३, पहिली आवृत्ती १९८७ ची. परवानगी मागणाऱ्या निरोपाचा क्रमांक ०१००, त्याच्या उत्तराचा ०११०. निरोप मशीनच्या सिमवरून टॉवरला, तिथून अक्वायररच्या स्विचला जातो. स्विच कार्डाचे सुरुवातीचे आकडे बघतो. ४ ने सुरू होत असेल तर व्हिसा, ५१ ते ५५ मधलं असेल तर मास्टरकार्ड, अशी विभागणी ठरलेली आहे. पुढे नेटवर्क पहिले सहा किंवा आठ आकडे बघून कार्ड कोणत्या बँकेचं ते ओळखतं आणि निरोप तिच्याकडे देतं.

खरा निर्णय इश्युअरकडे. कार्ड चालू आहे का, मुदत संपली का, पिन जुळतो का, चिपचा आकडा खरा आहे का, दिवसाची मर्यादा उरली आहे का, खात्यात पैसे आहेत का, व्यवहार संशयास्पद वाटतो का. सगळं पटलं की बँक तेवढी रक्कम बाजूला काढते. डेबिट कार्ड असेल तर खात्यातून, क्रेडिट कार्ड असेल तर मर्यादेतून. मग सहा अक्षरांचा मंजुरी क्रमांक आणि ०० हा होकार घेऊन उत्तर त्याच वाटेने उलटं निघतं. रेंज चांगली असेल तर हे सगळं काही सेकंदांत आटपतं.

आता तुमचा प्रसंग. रक्कम बाजूला निघाली त्याच वेळी इश्युअरची दुसरी यंत्रणा ग्राहकाच्या मोबाइलवर मेसेज धाडते. त्या मेसेजची वाट वेगळी आहे. मशीनपर्यंत उत्तर पोचलं की नाही हे बघायला तो थांबत नाही. मुंबईचा चाकरमानी पोस्टात मनीऑर्डर करायचा तेव्हा पावती त्याच्या हातात लगेच पडायची, पण गावात आईच्या हातात पैसे पडायचे ते पोस्टमन आल्यावर. पाहुण्याचा मेसेज म्हणजे ती पावती. तुमच्या मशीनकडे यायचं उत्तर टॉवर आणि सिमच्या मधे कुठेतरी गळालं.

जेवायची हाक आली, पुढचं नंतर लिहितो.

लाल_माती

स्विचरूम, फार उत्तम. नोकरी केलेल्या माणसाने लिहिलं की असा फरक पडतो. पुढचा भाग लवकर येऊ द्या.

प्रश्न : बँकेने पैसे बाजूला काढले आणि दुकानदाराला मिळाले नाहीत, तर मधल्या काळात ते असतात कुठे?

स्विचरूम

लाल_माती, ते पाहुण्याच्याच बँकेत असतात. अजून कुठेही गेलेले नसतात. मंजुरी म्हणजे पैसे पाठवणं नाही. "या दुकानाने मागितले की मी देईन" असा बँकेने दिलेला शब्द. प्रत्यक्ष पैसे नंतर फिरतात. दिवस संपताना तुमच्या मशीनवर सेटलमेंट होतं, आज मंजूर झालेल्या व्यवहारांचा गठ्ठा अक्वायररकडे जातो, तो नेटवर्ककडे मागणी करतो, नेटवर्क सगळ्या बँकांचं देणं-घेणं एकमेकांत वजा करून हिशेब लावतं आणि मग बँकाबँकांत पैसे हलतात. तुमच्या खात्यात साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी दिसतात.

आता होकार हरवला की पुढे काय, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि दुकानदारांना तो कोणीच सांगत नाही.

मशीन ठराविक वेळ वाट बघतं. उत्तर आलं नाही की ते स्वतःहून एक उलटा निरोप तयार करतं, रिव्हर्सल. क्रमांक ०४००, काही ठिकाणी ०४२०. त्याचा अर्थ : "मी मघाशी जे मागितलं होतं ते रद्द समजा, मंजूर केलं असेल तर पैसे मोकळे करा." तो इश्युअरला पोचला की बाजूला काढलेली रक्कम पुन्हा खात्यात. सगळं सुरळीत असेल तर काही मिनिटांत होतं आणि ग्राहकाला जमा झाल्याचा दुसरा मेसेज येतो.

पण रेंज गेली म्हणूनच उत्तर आलं नव्हतं, तर रिव्हर्सल तरी कसा जाणार? तो मशीनच्या स्मृतीत पडून राहतो आणि रेंज आल्यावर, बहुतेक मशीनमध्ये पुढच्या व्यवहाराच्या आधी, तो पहिला पाठवला जातो. म्हणून अशा वेळी मशीन बंद करून कपाटात ठेवू नका. अंगणात, गच्चीवर, जिथे रेंज असेल तिथे न्या आणि चालू ठेवा. त्याच मशीनवर पुढचा कोणताही व्यवहार केलात तरी आधी अडकलेला रिव्हर्सल निघून जातो. ते कार्ड घेऊन शेजाऱ्याच्या मशीनवर गेलात तर मात्र तुमच्या मशीनमधला रिव्हर्सल तिथेच अडकून राहतो.

उत्तर कुठे हरवलं यावरही पुढचं अवलंबून आहे. ते नेटवर्क आणि अक्वायररच्या मधे हरवलं असेल तर अक्वायररचा स्विचच मुदत संपताच रिव्हर्सल पाठवतो, तुमच्या मशीनची गरज पडत नाही. उत्तर अक्वायररपर्यंत नीट आलं आणि फक्त शेवटच्या टप्प्यात, टॉवरपासून मशीनपर्यंत, गळालं असेल तर मात्र अक्वायररच्या वहीत व्यवहार यशस्वी दिसतो. तो झाला नाही हे एकट्या मशीनला माहीत असतं. आपल्याकडे खाडीकाठी, डोंगराच्या आडोशाला असलेल्या वाड्यांत हाच प्रकार जास्त होणार, कारण कच्चा दुवा हा शेवटचाच आहे.

पडवी

म्हणजे अक्वायररच्या वहीत यशस्वी दिसत असेल तर स्लिप न येताही पैसे माझ्या खात्यात येऊ शकतात?

स्विचरूम

हो, येऊ शकतात. व्यवहारांचा गठ्ठा कुठे साठतो यावर ते आहे. काही मशीन स्वतःच्या आत साठवतात आणि सेटलमेंटला पाठवतात. त्यात हा व्यवहार नसेल, मागणीच जाणार नाही, आणि इश्युअर काही दिवसांनी रक्कम मोकळी करेल. काही ठिकाणी अक्वायररचा स्विचच नोंद ठेवतो. तिथे रिव्हर्सल पोचला नाही तर तुमच्या खात्यात रक्कम जमा होऊ शकते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा जमा तपशील मशीनच्या व्यवहारांशी ताडून बघणं तुमच्या हातात आहे. जादा रक्कम आली असेल तर ती त्या पाहुण्याची आहे, अक्वायररला कळवून परत पाठवायची.

पाहुण्याला तिथल्या तिथे काय सांगायचं? त्यांच्या पैशांचं काय होणार ते सांगायचं. "तुमच्या बँकेने पैसे बाजूला काढलेत, माझ्याकडे होकार आलेला नाही, मशीन आता ते रद्द करायला सांगेल." मशीनवर शेवटचा व्यवहार पुन्हा छापायची सोय असते, ती करून बघा. अक्वायररच्या अ‍ॅपमध्ये व्यवहार काय दाखवतो ते त्यांना दाखवा. कार्डाचे शेवटचे चार आकडे, वेळ आणि रक्कम एका कागदावर लिहून त्यांना द्या, स्वतःकडे ठेवा. कार्डाचा फोटो मात्र काढू नका, पुढूनही नाही आणि मागूनही नाही.

काउंटर_क्र_दोन

मी बँकेत शाखेत काम करते, सिंधुदुर्गात. स्विचरूम काकांनी लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. ग्राहकांना नियम माहीत नसतो म्हणून तेवढी भर घालते.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू. दुकानात कार्ड वापरलं, खात्यातून पैसे गेले आणि दुकानात स्लिप आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत बँकेने ते आपणहून परत जमा करायचे. त्याच्या पुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. ही भरपाईसुद्धा ग्राहकाने न मागता द्यायची आहे. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले, तरी मुदत हीच आणि भरपाई हीच.

तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडे करायची, दुकानदाराच्या नाही. तक्रारीत व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि असेल तर बारा आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, लिहा. त्या क्रमांकावरून व्यवहार लगेच सापडतो, "दुपारी जेवणानंतर केला होता" यावरून सापडत नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आमच्याकडे लोक पासबुक घेऊन महिन्यांनी येतात आणि म्हणतात, जाऊ दे, गेले असतील. असं सोडू नका. तो तुमचा हक्काचा पैसा आहे.

शिडाची_होडी

इतका खटाटोप कशाला? मशीन बँकेला परत करा आणि क्यूआर लावा. आमच्या हर्णैला बंदरावर सगळे तेच करतात.

पडवी

शिडाची_होडी, माझ्याकडे येणाऱ्या काही मोठ्या कुटुंबांना क्रेडिट कार्डच वापरायचं असतं. वयस्कर पाहुण्यांपैकी काहींच्या फोनमध्ये यूपीआय नसतं. त्यांना मी काय परत पाठवू?

स्विचरूम

आणि यूपीआयलाही हा आजार आहेच. तिथेही व्यवहार अडकून राहतो, तिथेही उत्तर हरवतं. दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे अडकले तर त्यालाही त्याच परिपत्रकात पाच दिवसांची मुदत आहे. त्यामुळे रेंजचा प्रश्न साधन बदलून सुटत नाही. मशीन दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेणारं मागा, घरी वायफाय असेल तर मशीन त्यावर जोडून घ्या. आणि पाहुण्याने कार्ड काढायच्या आधी मशीनच्या पडद्यावर रेंजच्या दांड्या बघा. पिन टाकून झाल्यावर बघून उपयोग नाही.

शुल्काचंही लिहितो, कारण मशीन परत करण्यामागे बरेचदा तेच कारण असतं. रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. इतर डेबिट कार्डांवर, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, तेही एका व्यवहाराला २०० रुपयांच्या आत. ८,४०० वर ते ३३ रुपये ६० पैशांच्या पुढे जात नाही. क्रेडिट कार्डाला असं बंधन नाही, तिथे जास्त जातं. डेबिट कार्डावर ग्राहकाकडून "दोन टक्के जादा" मागणारे दुकानदार मी आपल्या भागात बघितलेत. ते नियमात बसत नाही, आणि पाहुण्याच्या ते लक्षात राहतं.

कातळसडा

माझ्या प्रश्नाकडे पण बघा की. पैसे असून नकार का येतो?

स्विचरूम

हो, राहिलंच होतं. नकाराच्या उत्तरातही दोन आकडे असतात. ५१ म्हणजे रक्कम पुरेशी नाही. ५५ म्हणजे पिन चुकला. ७५ म्हणजे पिन जास्त वेळा चुकला, आता थांबा. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ६१ म्हणजे दिवसाची मर्यादा ओलांडली, खात्यात लाखभर असले तरी. ९१ म्हणजे इश्युअरची यंत्रणाच उत्तर देत नाही, यात ग्राहकाचा काडीचा संबंध नाही. आणि ०५, ज्यात बँक फक्त नाही म्हणते, कारण सांगत नाही. संशय आला असेल, कार्ड अडवलेलं असेल, काहीही.

तुमच्या मशीनवर आकडा दिसत असेल तर तो बघा आणि त्याप्रमाणे बोला. ९१ आलं असताना "तुमच्या खात्यात पैसे नाहीत" असं रांगेसमोर म्हणणं हा त्या माणसावर अन्याय आहे. औषधाच्या दुकानात तर जास्तच. कारण कळत नसेल तर "बँकेकडून होकार आला नाही" एवढंच म्हणावं, ते नेहमीच खरं असतं.

काउंटर_क्र_दोन

आणखी एक कारण, जे आमच्याकडे रोज येतं. नवीन कार्ड एटीएमला चालतं, दुकानात घातलं तर चालतं, पण टॅप केलं की नाही चालत, ऑनलाइनही नाही. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर, तेही चिप घालून, चालू असतं. टॅप, ऑनलाइन आणि परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः अ‍ॅपमधून, एटीएमवर किंवा शाखेत येऊन सुरू करायचा असतो. नकार आला तर एकदा कार्ड घालून, पिन टाकून बघायला सांगा. टॅपला ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधी ही मर्यादा २,००० होती.

पेजेचो_वाटगो

सगळा वाचून काढलंय. बरा लिवलात. माका एकच कळाक नाय. पिन आपण मशीनीत मारतो, तो पुढे खंयखंय जाता? दुकानदाराक दिसता काय? आमची आवस कार्ड वापराकच तयार नाय, म्हणता पिन मारलो की सगळ्यांका कळता.

स्विचरूम

दुकानदाराला दिसत नाही, आणि आईला हे नक्की सांगा. आकडे दाबताक्षणी मशीनच्या आतच तो पिन कुलूपबंद होतो. उघडा पिन मशीनच्या बाहेर पडत नाही, मशीनमध्ये साठतही नाही. मशीन उघडायचा प्रयत्न केला तर आतल्या किल्ल्या पुसल्या जातील अशीच त्याची रचना असते.

पुढे अक्वायररकडे एक खास सुरक्षित यंत्र असतं, त्याच्या पोटात एका किल्लीचं कुलूप काढून दुसऱ्या किल्लीचं लावलं जातं, नेटवर्ककडेही तसंच. हे यंत्राच्या आतच घडतं. मी इतकी वर्षं तिथे काम केलं, पण एकाही ग्राहकाचा पिन बघायची मला किंवा माझ्या साहेबांना सोयच नव्हती. शेवटी इश्युअरकडे तो तपासला जातो, तोही तशाच यंत्रात.

धोका बाहेरच आहे. शेजारी उभा राहून बघणारा, किंवा "काका, पिन सांगा, मी टाकतो" म्हणणारा. आईने एका हाताने झाकून दुसऱ्या हाताने पिन टाकावा आणि कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये. आणि तिने न केलेला एखादा व्यवहार दिसला तर त्याच दिवशी बँकेला कळवा. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसरीकडेच घडली असेल, तर बँकेकडून माहिती मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं की ग्राहकावर एक रुपयाचाही बोजा पडत नाही, असा २०१७ पासून नियम आहे.

पेजेचो_वाटगो

आवशीक वाचून दाखवलंय. म्हणता, झाकून मारीन. उपकार झाले.

खाडीकाठ

श्रीवर्धनहून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लाईट आणि मोबाइल किती काळ नव्हते ते इथे सगळ्यांना आठवत असेल. एटीएम बंद, मशीन बंद, ज्याच्याकडे रोख होती त्याचंच घर चालत होतं. कार्ड रेंजशिवाय चालू शकत नाही का? चिप एवढी हुशार आहे म्हणता, तर तिनेच होकार द्यावा.

स्विचरूम

तुमचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. छोट्या रकमेला चिप आणि मशीन आपसात होकार देऊ शकतात, ही सोय चिपच्या प्रमाणातच आहे. पण बँकेला न विचारता दिलेल्या होकारात खात्यात पैसे नसतील किंवा कार्ड चोरीचं असेल तर नुकसान कोणी सोसायचं हा प्रश्न राहतो, म्हणून आपल्याकडे दुकानातलं कार्ड बँकेला विचारूनच चालतं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये रेंजशिवायच्या छोट्या व्यवहारांना वाट करून दिली, तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपये अशी मर्यादा होती, ऑगस्ट २०२३ मध्ये ती ५०० झाली. वादळानंतरच्या आठवड्यात किराणा भरायला हे पुरणार नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पावसाळ्यापूर्वी घरात थोडी रोख ठेवावी, हेच मी माझ्या घरीही पाळतो.

दर्यावाट

धागा वाचनखुणेत साठवला. मालवणला आमचं पर्यटकांसाठी बोटींचं काम आहे. वारा वाढला की फेरी रद्द करावी लागते आणि घेतलेले पैसे परत करायचे असतात. कार्डाने दिलेले असतील तर कधी पर्यटकाला लगेच दिसतात, कधी आठवडा जातो आणि फोनवर फोन येतात. हा फरक का?

स्विचरूम

कारण परत करायच्या दोन वाटा आहेत. त्याच दिवशी, सेटलमेंट व्हायच्या आधी, मशीनवर 'व्हॉइड' केलंत तर व्यवहार गठ्ठ्यातून निघतो. मागणीच गेली नाही, म्हणून बँक बाजूला काढलेली रक्कम मोकळी करते आणि पर्यटकाला बरेचदा लवकर दिसते. सेटलमेंट झाल्यावर व्हॉइड होत नाही. तेव्हा 'रिफंड' करावा लागतो, म्हणजे तुमच्याकडून त्याच्याकडे नव्याने पैसे जाणार, सगळा प्रवास उलटा. त्याला काही कामाचे दिवस लागतातच.

तुमच्या कामात वाऱ्याचा अंदाज सकाळीच येतो. तेव्हा मशीनचं सेटलमेंट आपोआप किती वाजता होतं ते अक्वायररला विचारून ठेवा, आणि फेरी रद्द झाली की त्या वेळेच्या आत व्हॉइड करा. रोख परत देऊ नका, पर्यटकाने आग्रह केला तरी. तोच माणूस नंतर बँकेकडे "सेवा मिळाली नाही" अशी तक्रार करू शकतो, आणि रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो. ज्या कार्डावरून आले त्याच कार्डावर परत.

दर्यावाट

आमचं मशीन रात्री अकराला आपोआप सेटल होतं असं आत्ताच अ‍ॅपमध्ये बघितलं. आणि कधी रात्री लाईट-रेंज दोन्ही नसेल तर?

स्विचरूम

तर गठ्ठा तसाच मशीनमध्ये राहतो. सकाळी रेंज आल्यावर मेनूतून हाताने सेटलमेंट करा आणि यशस्वी झाल्याची स्लिप येईपर्यंत थांबा. फार दिवस राहू देऊ नका, बँकेने बाजूला काढलेली रक्कम मुदत संपली की मोकळी होते आणि मग तुम्हाला ती मागणं अवघड जातं. व्हॉइडच्या स्लिपवर मूळ व्यवहाराचा क्रमांक छापलेला असतो. एक प्रत पर्यटकाला द्या, दुसरी तुमच्याकडे ठेवा. थर्मल कागदावरची छपाई उन्हात आणि दमट हवेत उडते, म्हणून त्याच दिवशी स्लिपचा फोटो काढून ठेवा.